सुभद्रा व्हिडिओचा मोर

कोणाच्याही घरी टीव्ही लागला की आपण पडद्याकडे बघतो. किसनभाऊ मात्र लावणाऱ्याच्या हाताकडे बघत. लग्नाची कॅसेट यंत्रात गेली, पडद्यावरच्या मुंग्या नाचून थांबल्या, की त्यांची नजर त्या हातावर खिळायची. हात बटणाकडे सरकला आणि कॅसेट चिर्र करत पुढे पळाली, की जेवायला बसवून कोणी समोरचं ताट उचलावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. कारण जे पळवलं गेलं ती त्यांची निशाणी असायची.

निशाणी हा त्यांचाच शब्द. सिनेमा सुरू होण्याआधी कंपनीची ओळख येते ना, कोणाची मूर्ती, कोणाचा झेंडा, कोणाची मशाल, तसलं काहीतरी आपल्या लग्नाच्या कॅसेटींच्या आधी असलंच पाहिजे असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या कंपनीचं नाव सुभद्रा व्हिडिओ प्रॉडक्शन, मावला. मावला हे आदिलाबादजवळचं आमचं गाव. कंपनीत एकूण माणसं तीन. कॅमेरा धरणारे किसनभाऊ, दिवा धरणारा त्यांचा भाचा, आणि जिचं नाव दिलं होतं ती त्यांची बायको सुभद्राकाकू. काकूंचं काम फक्त नाव ठेवण्याचं होतं, आणि ते त्या दोन्ही अर्थांनी मनापासून करायच्या.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. मी तेव्हा मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणायचे. वयानं माझ्याहून बरेच मोठे, पण शाळेतल्या माणसाचा मान राखायचा म्हणजे राखायचा. मूळ धंदा त्यांचा फ्रेमा करण्याचा. आदिलाबादच्या बाजारात तसबिरींना काचा लावायचं छोटं दुकान होतं, आणि व्हिडिओचा कॅमेरा आला तरी ती सवय काही सुटली नाही. बोलता बोलता दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचे आणि तिच्यातून आपल्याकडे बघायचे. बसमध्ये, बाजारात, मयताला गेले तरी. आमच्या आईनं एकदा घर बांधायचा बेत सांगितला, तर तो सगळा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “मावशी, हे काही चौकटीत बसून नाही राह्यलं.” आईनं दोन दिवस अबोला धरला. बेत मात्र सोडून दिला.

या माणसाची आयुष्यात एकच हौस होती. ती त्यांनी मला एकदा अंगणात खाटेवर बसून, अगदी हळू आवाजात सांगितली होती.

“बाई, एक डाव तरी लोकायनं माही निशाणी पुरी पाह्यली पायजे. आपल्या मनानं. मंग मी मोकळा.”

मी हसले. ते हसले नाहीत.

पहिली निशाणी त्यांनी आपल्या हातानं रंगवली. काचवालाच तो, कागदावर कशाला काढेल? मोठ्या काचेवर मागच्या बाजूनं मोर काढला, पिसारा फुलवलेला, निळा, हिरवा, सोनेरी. खाली मराठीत नाव, त्याखाली तेलुगूत. मागे काळं कापड बांधलं, म्हणजे रंग उठून दिसावेत. एका दुपारी घराची दारं लावून घेऊन तिपाईवर कॅमेरा ठेवला आणि त्या मोराचं शूटिंग केलं. सनईची एक कॅसेट बाजूला वाजत होती. तिचाही आवाज आत आला. सुभद्राकाकूंना बाहेर ओट्यावर बसवलं होतं. आत काय सोन्याचं नाणं पाडून राह्यले का, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या.

त्या हंगामातल्या सगळ्या लग्नांच्या कॅसेटींना तो मोर लागला. कोणी काही बोललं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. किसनभाऊ बेचैन. मग माझ्या मावसबहिणीच्या, विमलच्या लग्नाची कॅसेट झाली. विमल बाजारहत्नूरची, दिली होती बेल्लमपल्लीला. नवरा कोळशाच्या खाणीत नोकरीला. ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मावशीनं भाड्यानं टीव्ही आणि कॅसेटचं यंत्र आणवलं, आणि अख्खी गल्ली अंगणात जमली. आम्ही गेलो. किसनभाऊ तर बोलावलं नसतं तरी आले असते.

त्या भाड्याच्या यंत्राचं पुढे पळवायचं बटण बिघडलेलं होतं. लावणाऱ्यानं दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा बुक्की मारली, आणि सोडून दिलं. म्हणजे त्या दिवशी मोर पहिल्यांदाच पूर्ण दिसणार होता. किसनभाऊंनी मला खूण केली.

सनई सुरू झाली. मोर आला. नाव आलं. आणि मोराच्या पिसाऱ्याच्या वर, काळ्या काचेत, एक माणूस दिसू लागला. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी, खांद्यावर टॉवेल. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं. तो कॅमेऱ्यावर वाकला, मग हळूच दोन पावलं मागे सरला, आणि मोराकडे बघून त्यानं भक्तिभावानं हात जोडले. पहिलंच शूटिंग म्हणून किसनभाऊंनी केलेला तो नमस्कार होता. काच आरसाही असते, हे जन्मभर काचा कापणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या बारक्याशा भोकातून त्यांना फक्त मोर दिसला होता.

अंगणात जो हशा उसळला तो मी अजून विसरले नाही. पोरं उठून उठून नमस्कार करू लागली. एक म्हातारी म्हणाली, देवाच्या आधी हा कोण बनियनवाला बाप्पा आला? विमल पदर तोंडात धरून हसत होती. किसनभाऊ उठले, चपला शोधायच्या निमित्तानं अंधारात गेले आणि पहिल्या बसनं मावल्याला निघून आले. आम्हाला वाटलं होतं इतके दिवस कोणाला मोर आवडला नाही म्हणून कोणी बोललं नाही. खरं म्हणजे इतके दिवस कोणी तो पाहिलाच नव्हता.

पुढचा महिनाभर किसनभाऊ घरोघर फिरले. कॅसेट द्या, थोडं साफ करून देतो, असं सांगून एकेक परत घेतली, सुरुवात पुसली, पुन्हा नेऊन दिली. राहिली विमलची. ती कॅसेट घेऊन सासरी गेली होती. किसनभाऊ बसा बदलत बेल्लमपल्लीला पोचले, कामगारांच्या क्वार्टरांच्या रांगांत एकसारख्या दारांमधून तिचं दार शोधून काढलं. विमलनं पाहुणचार केला, कोंबडी कापली, दुपारी झोपायला खाट दिली. कॅसेट मागितल्यावर मात्र ती उठून कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“लग्नातली वस्तू माघारी देत नसतात, काका. अन् सुरुवात तं पुसतच नसतात. कोण करते असं?”

आमच्याकडे हे मानतातच. लग्नातला तांब्या पोचा पडला तरी परत बदलून आणत नाहीत. किसनभाऊंनाही ते ठाऊक होतं, तरी त्यांनी नवीन निशाणी लावून देतो म्हटलं, दुसरी कॅसेट फुकट देतो म्हटलं. विमल म्हणाली, संध्याकाळची गाडी गाठायची असेल तर चहा घेऊन घ्या. ते परत आले ते थेट घरात गेले, ती मोराची काच उचलली आणि न्हाणीच्या खिडकीला बसवून टाकली. मोराचं तोंड आत. पुढची सगळी वर्षं सुभद्राकाकू मोराच्या सोबतीनं आंघोळ करत होत्या. काच फोडून का नाही टाकली असं मी विचारलं, तर म्हणाले, चांगली काच फोडायला मी काय बिल्डिंगवाला शेठ आहे का?

दुसऱ्या निशाणीत काच नको हे नक्की होतं. मोकळ्यावर करू, म्हणाले. पोळ्याच्या दिवशी शेजारच्या एका भाजीवाल्याचा बैल सजवून उभा होता. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. किसनभाऊंनी सारवलेल्या अंगणात झेंडूच्या फुलांनी कंपनीचं नाव मांडलं. काकू सकाळपासून फुलं खुडत होत्या. ठरलं असं होतं की बैल नावाच्या मागे डौलानं उभा राहील आणि कॅमेऱ्याकडे बघेल. बैलानं डौलानं दोन पावलं टाकली, मान खाली घातली आणि नाव खायला सुरुवात केली. दिवसभर त्याची पूजाच पूजा चालली होती, हेही आपल्याचसाठी वाढलंय असं त्याला वाटलं असणार. किसनभाऊ ओरडून राह्यले, भाजीवाला हसून राह्यला, आणि भाचा शहाणा, त्यानं दिवा काही हलवला नाही. पुन्हा फुलं आणायला वेळ नव्हता. तीच निशाणी लागली. ती बघायला लोक थोडं थांबत, पण बैल बघायला. नाव कोणाचं ते कळायच्या आत त्याच्या पोटात जायचं.

आणि याच बैलानं माझ्या लग्नाचा घात केला.

किसनभाऊंच्या डोक्यात आलं, सुरुवातीला निशाणी ठेवली की लोक पळवतात. मग मधे ठेवली तर? जिथं कोणी बटणाला हात लावणारच नाही अशा जागी? माझं लग्न आमच्या पद्धतीनं झालं. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं आणि मग आम्ही उभे राहिलो हार घालायला. कॅसेट आली. सासरची सगळी मंडळी बसली. मी हार उचलला, हात वर गेले, आमचे हे मान वाकवून उभे राहिले, आणि बैल आला. बैलानं सावकाश झेंडू खाल्ले. तो गेला तेव्हा दोघांच्या गळ्यात हार पडून आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो आणि कोणीतरी पाकिटं देत होतं. सासूबाईंनी विचारलं, हा तुमच्याकडचा रिवाज आहे का?

मी माहेरी येऊन किसनभाऊंना असं काही बोलले की त्यांच्या बोटांची चौकट झाली नाही. बैल त्यावरच घेतल्यानं मूळ चित्र पुसलं गेलं होतं. तरी माणूस खचणारा नव्हता. म्हणाले, पुन्हा घेऊ. आणि खरंच, काही महिन्यांनी आम्हा दोघांना अंगणात उभं करून, मला लग्नाचं लुगडं नेसायला लावून, त्यांनी हार घालणं पुन्हा घेतलं. तोवर आमच्या यांनी मिशा काढल्या होत्या. त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये मी मिशीवाल्या माणसाला हार घालायला जाते, आणि बिनमिशीच्या माणसाला घालते. आमची मुलं ती जागा लागली की अजून विचारतात, आधीचे कुठे गेले? मला तेव्हा खरंच राग आला होता. आता सांगायला हसू येतं, एवढंच.

पुढे कॉम्प्युटर आला. आदिलाबादच्या बाजारात एक तेलुगू पोरगा निशाण्या करून देऊ लागला. किसनभाऊ त्याच्याकडे जाऊन बसायचे, त्याला ‘तम्मुडू’ म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि चहा पाजायचे. त्यानं सोनेरी गोल पृथ्वी करून दिली. ती गरगर फिरायची, तिच्यावर वीज पडायची, आणि ढगातून सुभद्रा व्हिडिओ हे नाव धडाम करून बाहेर यायचं. आवाज इतका की आमच्याकडे पहिल्यांदा लावली तेव्हा मांजर माळ्यावर चढलं ते दुसऱ्या दिवशी उतरलं. किसनभाऊ फुशारून म्हणाले, आता पाहू कोण पळवते. लोकांनी पळवली नाही, आवाज बंद केला. आणि मग एका लग्नात त्यांना कळलं की तीच पृथ्वी, तीच वीज, किनवटच्या एका व्हिडिओवाल्याकडेही आहे, आणि निर्मल गावातल्या दुसऱ्याकडेही. नाव तेवढं वेगळं. तम्मुडूनं सगळ्यांनाच ती विकली होती. त्यांनी भांडण केलं नाही. मला म्हणाले, “मंग ते निशाणी कायची? ते तं टोपी झाली. कोणाच्याही डोक्शात बसते.”

त्यानंतर दोनतीन निशाण्या झाल्या, फिरत्या पाकळ्या, उडती कबुतरं. त्यांत त्यांचा जीव नव्हता. सुभद्राकाकू गेल्या, आणि पाकळ्याही थांबल्या. काकूंची लग्नातली एक तसबीर होती, तिला त्यांनी स्वतः फ्रेम केली. दुकान भाच्याला दिलं. लोकांच्या हातातल्या फोनमध्येच कॅमेरे आले होते. किसनभाऊ ओट्यावर बसून रस्त्याकडे बोटांच्या चौकटीतून बघत बसायचे. मी सुट्टीत माहेरी गेले की विचारायचे, “बाई, कोणाच्या घरी कॅसेट पाहता का आता?” यंत्रंच राहिली नाहीत, असं मी सांगायची. ते मान हलवायचे.

मग विमलच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगा आदिलाबादचा, म्हणून लग्न तिथल्याच मंगल कार्यालयात. विमल आता चांगली ऐसपैस झाली होती, केस पिकले होते, आवाज तोच. तिनं बजावून सांगितलं होतं की किसनकाकाला घेऊन यायचं. ते यायला तयार नव्हते. बनियनवाला म्हणून अजून हसतील, असं म्हणाले नाहीत, पण मला ते दिसत होतं. मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि हाताला धरून नेलं.

कार्यालयात आजकाल मोठा पडदा लावतात. लग्न लागून जेवणं व्हायची होती, लोक पंख्याखाली बसले होते. विमलनं आपली जुनी कॅसेट बेल्लमपल्लीत कोणाकडून तरी सीडीवर करून आणली होती. लेकीला आईबापाचं लग्न दाखवायचं, तेही सगळ्यांसमोर, असा तिचा बेत. कॉम्प्युटरवर भाड्याचा एक तरुण माणूस बसला होता. सनई सुरू झाली, घासल्यासारखी, फाटकी. किसनभाऊंनी माझा हात घट्ट धरला. ते उठायला निघाले होते. मी सोडलं नाही.

मोर आला. रंग विटले होते, निळा करडा झाला होता. त्या माणसानं सवयीनं हात उंदरावर नेला, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या माऊसवर. विमल त्याच्या शेजारीच उभी होती. तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“पुढं नको ढकलू, दादा. आमचं लगन इथूनच सुरू होते.”

मग मोराच्या वर तो माणूस आला. बनियन, टॉवेल, मिटलेला डोळा, उघडं तोंड. हसू झालं, नाही असं नाही. पण पूर्वीचं नव्हतं. मागून मावशीचा आवाज आला, अरे, हा तर आपला किसन, किती काळेभोर केस होते पोराचे. बाजारहत्नूरची माणसं माना उंच करून बघू लागली. कोणी म्हणालं सुभद्रा असती तर. तो माणूस दोन पावलं मागे सरला आणि त्यानं हात जोडले, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं काही न ठरवता उलट हात जोडले. चित्र संपलं, विमलचा मांडव आला, आणि विमलनं त्या तरुणाला ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मी किसनभाऊंकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, पण पडद्याकडे नव्हते. ते अजून त्या तरुणाच्या हाताकडे बघत होते.

“बाई,” ते म्हणाले, “हात नाई हालला.”

“नाही हालला.”

“आपल्या मनानं?”

“सगळ्यांच्या मनानं.”

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग जरा लाजत विचारलं, “अन् मी कसा दिसून राह्यलो होतो? म्या पाह्यलंच नाई.”

इतकी वर्षं हातांकडे बघण्यात गेली होती आणि ऐन वेळीही सवयीनं दगा दिला. मी म्हटलं, पुन्हा लावलंय, जाऊन बघा जवळून. ते उठले आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं हळूहळू पुढे गेले.

पुढल्या उन्हाळ्यात किसनभाऊ गेले. माझी बदली झाली होती, मला शेवटचं जाता आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्यांच्या घराच्या न्हाणीला ती काच अजून आहे असं भाचा सांगतो. पण मला ते आठवतात ते त्या कार्यालयातले. पडद्यापाशी पोचून त्यांनी मान वर केली, दोन्ही हात उचलले, बोटांची चौकट केली आणि तिच्यातून बघत राहिले. वर काळ्या काचेत तो बनियनमधला तरुण माणूस मागे सरला आणि त्यानं हात जोडले. खाली इस्त्रीच्या शर्टातल्या म्हाताऱ्यानं चौकट मोडली, आणि त्याला परत नमस्कार केला.